चिपवरच्या मुंग्या

फोटो टीव्हीवर आला तेव्हा अमृताने साबुदाणावड्याचा तुकडा चटणीत बुडवलेला होता, आणि तो तिने तसाच धरून ठेवला, चटणी बोटावरून मनगटाकडे ओघळेपर्यंत. कुणाचं लक्ष नव्हतं. विनीत रिमोट शोधत होता, मुकुल टीव्हीच्या इतका जवळ जाऊन बसला होता की फोटोचा खालचा कोपरा त्याच्या डोक्यानं झाकला होता, आणि विनीतची आई आतून ओरडत होती, "गरम आहेत तोवर संपवा रे, मग दगड होतात." फोटो एका नव्या प्रोसेसरचा होता. अजून बाजारात न आलेल्या. एका नव्या भारतीय कंपनीनं तो मध्यंतरी जाहीर केला होता, सरकारी कचेऱ्यांतल्या कॉम्प्युटरांत तोच बसणार अशी बोलवा होती, आणि त्याच्या पोटात काय आहे यावर हौशी मंडळी तेव्हापासून डोकं खाजवत होती. आज सकाळी कुणा बिननावाच्या माणसानं एका फोरमवर त्याचा उघडा फोटो टाकला होता, वरचं झाकण ॲसिडनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेला. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा विनीतच्या भिंतीवर जेवणाच्या टेबलाएवढा झाला होता. अशा फोटोला लोक वरून पाहिलेलं शहर म्हणतात. अमृताला ते कधी शहर वाटलं नाही. तिला ते आईच्या गोधडीसारखं वाटायचं, तुकडे वेगवेगळे पण टाका एकाच हाताचा. आणि आत्ता या गोधडीवरचा हात तिला ओळखू आला होता. तो तिचाच होता.

डोंबिवलीला विनीतकडे महिन्यातल्या एका रविवारी जमणाऱ्या या टोळीचं नाव चिपाड. नाव मुकुलनं ठेवलेलं. रस निघून गेल्यावर आपल्याकडे येतं ते, असं तो म्हणायचा. त्याचं कल्याणला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं आणि मेलेले प्रोसेसर तोच आणायचा. विनीत एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. टोळीचा नियम एकच होता. नवा फोटो आला की नेटवर कुणी काय म्हटलंय ते वाचायचं नाही. पाळीपाळीनं उठायचं, भिंतीवर बोट ठेवायचं आणि सांगायचं, हे कोर, ही मेमरी, हे बाहेरच्या जगाशी बोलायचं दार. ज्याचं सर्वांत जास्त चुकेल त्यानं पुढच्या वेळचा खाऊ आणायचा. अमृतानं आजवर एकदाही खाऊ आणला नव्हता.

"हे बघ ना, हे ठिपके," मुकुल म्हणाला. "अख्ख्या चिपवर आहेत. सारख्या अंतरावर. मुंग्या चालल्यात साल्या."

"टेम्परेचर सेन्सर असतील," विनीत म्हणाला.

"एवढे? भाई, एवढा ताप तर माझ्या बापाला पण नाय येत माझा."

"मग काय ते तू सांग."

"मला वाटतं हे आपल्याला दाखवायचंच नव्हतं. कोरवर आहेत, मेमरीवर आहेत, एक घर सोडलं नाय. प्रत्येक घरात एक माणूस बसवलाय. कान लावून."

"कान?"

"कान. सरकारी ऑफिसात लावणार ना हा? मग. कोण कुणाचं ऐकणार, तू समज."

विनीत हसला, पण हसून झाल्यावर त्यानं फोटो मोठा केला. ठिपका भिंतीवर पसरला. करडा, एका बाजूला बारीक शेपटी असलेला, स्वल्पविरामासारखा. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. शेपटी दर वेळी त्याच बाजूला वळलेली.

अमृताला त्या शेपटीचं वळण पाठ होतं. माजिवड्याच्या ज्या लॅबमध्ये ती कामाला होती तिथल्या सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यावर, आतल्या काचेवर, धुळीचा एक कण बसलेला होता. अख्खी चिप सूक्ष्मदर्शकाला एका वेळी दिसत नाही. तुकड्यातुकड्यानं फोटो घ्यायचे आणि मग ते जोडायचे. चिप सरकते, कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे धुळीचा कण प्रत्येक तुकड्यात त्याच जागी येतो, आणि जोडून झाल्यावर ठशानं छापलेल्या लुगड्यावरच्या बुट्ट्यांसारखा सगळीकडे उमटतो. त्यात काही गूढ नव्हतं. कॅमेऱ्याचं पोट उघडायला मशीनच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, तो येईपर्यंत राहू दे, असं म्हणून तो कण राहिला होता. गिऱ्हाइकाला द्यायच्या फोटोतून तो पुसून टाकायचा. मूळ, न पुसलेली फाइल लॅबमध्ये राहायची. तिचे वरिष्ठ संदेश सर त्या कणाला तीट म्हणायचे. "मशीनला दृष्ट लागू नये म्हणून. आमच्या सान्वीला लावतो ना तशी." त्या मशीनवर दोघंच बसायची, ती आणि संदेश सर. आणि भिंतीवर होती ती न पुसलेली फाइल होती. म्हणजे फोटो आतून बाहेर आला होता. म्हणजे दोघांपैकी एकानं तो आणला होता. मी नाही, असं ती मनात म्हणाली, आणि ते वाक्य तिला जरा घाईत म्हटल्यासारखं वाटलं.

"उठ, तुझी पाळी," विनीत म्हणाला.

ती उठली नाही. "मला काही कळत नाहीये."

"अमृताची बत्ती गुल!" मुकुल टाळी वाजवत ओरडला. "काकू, पुढच्या वेळी अमृताकडून समोसे!"

विनीत मात्र टाळी वाजवत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या मनगटावरच्या चटणीकडे. "कोर तरी दाखव. ते तर पोरं पण दाखवतील."

"डोकं दुखतंय रे."

"तू त्या लॅबमध्ये नक्की काय करतेस गं? कधी बोलली नाहीस."

"सांगितलेलं की. बोल्ट, पाइप. तुटलेलं का तुटलं ते बघायचं." हे अर्धं खरं होतं. बोल्टही यायचे. उरलेलं न सांगण्याबद्दल तिनं सही केलेली होती, आणि ती सही तिनं पाळली होती, या खोलीत, या दोघांसमोर, जीभ चावून चावून. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. अरे, धूळ आहे ती. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, तुला काय माहीत? आणि त्याला तिच्याकडे एकच उत्तर होतं.

ती निघाली तेव्हा विनीत जिन्यापर्यंत आला. एरवी यायचा नाही. "बरं वाटत नसेल तर सोडायला येऊ?" त्यानं विचारलं. तिला वाटलं, हा बघायला येतोय. काय बघायला, ते तिला सांगता आलं नसतं.

शीळ रस्त्यावर एका ट्रेलरमागे स्कूटी अडकून पडली. ट्रेलरवर पुलाचा भलामोठा तुकडा साखळदंडानं बांधलेला होता आणि प्रत्येक साखळीला लाल फडकं. गुरुवारची दुपार तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा उलगडायला लागली, आणि आता त्यात अशा गोष्टी दिसायला लागल्या ज्या तेव्हा दिसल्या नव्हत्या. चिप आणली होती ती लॅब चालवणाऱ्या उत्तरा मॅडमनी, स्वतः, कापसात. ॲसिडचं काम सरांनी केलं. मग दोघं शेजारी शेजारी बसली. सर चिप सरकवत होते, ती फोकसची धार बघून फोटो टिपत होती. मध्येच सर म्हणाले होते, "तुमच्या त्या डोंबिवलीच्या ग्रुपात हे टाकलं तर काय होईल गं?" ती म्हणाली होती, "दंगल होईल, सर." दोघं हसली होती. तो विनोद होता. पण विनोद करायला आधी ती गोष्ट डोक्यात यावी लागते. शुक्रवारी ती निघाली तेव्हा सर थांबले होते, म्हणाले, "हो पुढे, माझं थोडं राहिलंय." काय राहिलं होतं? जोडणी तिनं गुरुवारीच संपवली होती, पुसलेली फाइल मॅडमकडे गेली होती. शनिवारी सुट्टी. आज सकाळी फोटो फोरमवर. एकेक गोष्ट घेतली तर काहीच नव्हती. पण त्या सारख्या अंतरावर होत्या, आणि सगळ्यांची शेपटी एकाच बाजूला होती. ट्रेलर हलला. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की मनातल्या मनात ती त्यांना नुसतं संदेश म्हणायला लागली आहे. नावामागचं सर कुठल्या वळणावर गळून पडलं ते तिला कळलं नव्हतं.

कळव्याला घरी आली तेव्हा वडील, बाबुराव, विहारातल्या मुलांचा अभ्यासवर्ग आटपून नुकतेच आले होते आणि खडूनं पांढरे झालेले हात मोरीत धूत होते. बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी स्टोअरला काढली. अमृता लहान असताना एकदा आईबरोबर त्यांना घ्यायला गेली होती, कंपनीच्या गेटवर. सुटलेली माणसं घोळक्यानं बाहेर पडत होती, वॉचमन कुणाशी तरी गप्पा मारत होता, आणि बाबा त्याच्यासमोर थांबून आपली डब्याची पिशवी उघडून धरत होते. डबा, डब्याचं झाकणही. वॉचमननं बघितलंसुद्धा नाही. बाबांनी मग पिशवी मिटली आणि ते बाहेर आले, जणू बूट घालण्याइतकं रोजचं काहीतरी करून. तिनं घरी येऊन विचारलं होतं, त्यानं सांगितलं नव्हतं तरी तुम्ही का दाखवलं? बाबा म्हणाले होते, "विचारायच्या आधी दाखवायचं. विचारल्यावर दाखवलं की ती झडती होते." पुढे कधीतरी, ती कॉलेजात असताना, त्यांनी एवढंच जोडलं होतं की स्टोअरमधून काही गेलं की बोट कुठल्या टेबलाकडे आधी वळतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. ते कुठल्या टेबलाकडे वळतं हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. अमृता त्या वेळी वैतागली होती. आता जग तसं राहिलं नाही, बाबा, ती म्हणाली होती, आणि त्यांनी मान डोलावली होती, पोरगी शिकली म्हणून आनंद होतो तशी.

"चेहरा का उतरलाय?" आईनं, मीराबाईनं, विचारलं. "भांडलीस का त्या पोरांशी?"

"नाही गं. ऊन लागलं."

लॅबमध्ये चिपांचा नाद असलेली एकच व्यक्ती होती, ती स्वतः. लॅबमध्ये फोटो चोरीला गेला तर तो कुणी चोरला असेल, हे ठरवायला मॅडमना धुळीचा कण लागणार नव्हता. मग तिला वाटलं, संदेशनं नेमका याच हिशेबानं तो फोटो बाहेर सोडला असेल. पकडलं कोण जाणार हे आधीच ठरवून. हा विचार इतका नीट बसला की तिला त्याचीच भीती वाटली. एम.एस्सी.च्या प्रकल्पावेळी तिच्या गाइड म्हणायच्या, सिग्नल फार सुंदर आला की नमुना काढून घे आणि रिकामं मशीन चालवून बघ. तरीही तो दिसला तर तो नमुन्याचा नाही, मशीनचा आहे. ठीक. उद्या सकाळी रिकामी काच ठेवून एक फोटो घ्यायचा. तीट फोटोत येईल. ती मॅडमना दाखवता येईल. निदान एवढं तरी सिद्ध होईल की मुंग्या वगैरे काही नाही, धूळ आहे. त्यापुढचं त्यापुढे.

सोमवारी ती लवकर निघाली. पुलावर खाडी ओहोटीची, गाळ उघडा पडलेला. सिग्नलला थांबली तर मुकुलचा मेसेज: कुणीतरी यूट्यूबवर व्हिडिओ केला होता, आणि त्याच्या चित्रावर आपल्या त्या ठिपक्याभोवती लाल वर्तुळ होतं. सरकारी चिपमध्ये गुप्त कान? खाली मुकुलनं लिहिलं होतं, "माझा कान चोरला साल्यांनी. क्रेडिट पण नाय दिलं." त्याखाली विनीत: "अमृता, तू काल काही बोलली नाहीस. का?" तिनं फोन डिकीत टाकला.

लॅबमध्ये अजून कुणी नव्हतं. तिनं मशीन सुरू केलं, रिकामी काच ठेवली, प्रकाश वाढवला आणि एक फोटो घेतला. पडदा पांढरा. तिनं काच फिरवून पुन्हा घेतला. पुन्हा पांढरा. जिथं तीट असायची तिथं, वरच्या उजव्या बाजूला, काही नव्हतं. नुकतंच सारवल्यासारखं स्वच्छ. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, जणू डोळ्यांना दिसत नसलेलं बोटाला लागेल. कॅमेऱ्याच्या गळ्यापाशी पेचकसाचा ताजा ओरखडा होता. कंपनीचा माणूस आलेला नव्हता. आला असता तर त्याचा निळा टॅग लागला असता. कुणीतरी तो उघडून पुसला होता. इतके महिने ज्याला हात लागला नाही, तो कण नेमका आता पुसला गेला होता, म्हणजे फोटो याच मशीनचा हे आता दाखवता येणार नव्हतं. आणि तो आता का पुसायला हवा, हे ज्याला कळतं असा माणूस, तिच्याखेरीज, एकच होता. आणि त्या भीतीच्या तळाशी, हे तिला नाकारता येईना, एक समाधान होतं. गणित सुटल्याचं.

"आलीस पण?" मागून आवाज आला.

संदेश सर दारात उभे होते, दोन हातांत दोन कटिंग, कागदाच्या कपांत. बायकोनं विणलेला तो तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर, जो ते एसीमुळे बारा महिने घालायचे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पांढऱ्या फोटोकडे, आणि मग तिच्याकडे. कप टेबलावर ठेवला, तिच्या बाजूला सरकवला.

"घे. गरम आहे."

तिनं घेतला नाही.

"काही सांगायचंय का तुला?" त्यांनी विचारलं. आवाज खाली होता.

"नाही. तुम्हाला?"

"मला कशाला काय सांगायचं असेल." त्यांनी खुर्ची ओढली, बसले नाहीत. "हे बघ, जे झालं ते झालं. आता कुणाशी काही बोलू नकोस. त्या तुझ्या ग्रुपात तर नाहीच. मॅडमसमोर पण गप्प राहा. दोन दिवसांत लोक विसरतात."

"आणि नाही विसरले तर?"

"तर बघू. मी आहे ना."

मी आहे ना. ते हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले. इतकी वर्षं शेजारी बसून, डब्यातली सुकटीची चटणी वाटून खाल्लेल्या माणसाचा आवाज तिला पहिल्यांदा नीट ऐकू येत होता. तो गप्प बसायला सांगत होता. पुरावा पुसून, चहा हातात देऊन. चहाच्या कपावर साय धरायला लागली होती. मॅडम टेंभी नाक्यावरून येतात, आता येतीलच. आणि मॅडमकडे आधी कोण जाईल यावर सगळं आहे, तिच्या मनात आलं. विचारायच्या आधी. पिशवी उघडायची तर आता.

उत्तरा मॅडम केबिनमध्ये पर्स ठेवत होत्या, चष्म्याची दोरी कानात अडकलेली सोडवत होत्या. अमृतानं दार लावून घेतलं. ती बोलली ती नीट बोलली. तिला स्वतःलाच नवल वाटलं, आवाज कापला नाही, काही विसरलं नाही. फोटो आपला आहे, का आपला आहे. न पुसलेली फाइल कुठे असते. मशीनवर कोण बसतं. गुरुवारी काय विचारलं गेलं, शुक्रवारी कोण मागे राहिलं. आज कॅमेरा कसा आढळला, ओरखडा कुठे आहे. आत्ता बाहेर तिला काय सांगण्यात आलं, शब्दाला शब्द. "म्हणून मॅडम, माझ्या मते संदेश सरांनी तो बाहेर दिला." निष्कर्ष शेवटी, जसा अहवालात असतो.

मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर चष्मा लावला.

"बैस."

"मी उभीच बरी आहे, मॅडम."

"अगं, बैस आधी. मूळ फाइल मी दिली. शुक्रवारी. गिऱ्हाइकानंच, त्या चिपच्या कंपनीनंच, मागितली. म्हणाले, स्वच्छ केलेल्या फोटोत तुम्ही काय पुसलंत ते आम्हाला कसं कळणार? आम्हाला जसा निघाला तसाच हवा. शंकेखोर आहेत मेले. संदेशला थांबवून मीच ती त्याच्याकडून काढून घेतली, कशाला हवी ते बोलले नाही." त्यांनी पाण्याची बाटली उघडली. "आणि फोरमवर टाकला तोही त्यांनीच. जरा गवगवा व्हावा म्हणून. काल संध्याकाळी फोन होता. आता गवगवा अंगाशी आलाय तर विचारताहेत, ते ठिपके कसले हो मॅडम? मी म्हटलं, धूळ. आज दुपारी खुलासा देताहेत."

एसीतून पाणी ठिबकत होतं, खाली ठेवलेल्या श्रीखंडाच्या डब्यात. त्याचा आवाज खोलीत इतका मोठा होता हे अमृताला कधी जाणवलं नव्हतं.

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला काय सांगायचं त्यात? गिऱ्हाइकाची फाइल, गिऱ्हाइकाला दिली." मॅडम थांबल्या. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "पण कॅमेरा कुणी उघडला म्हणतेस? तो उघडायचा नाही, वॉरंटी जाते." आणि तिला काही बोलायला सवड मिळण्याआधी त्यांनी दार उघडून हाक मारली, "संदेश! जरा ये रे."

ते आले. आत येताना त्यांनी पहिल्यांदा अमृताकडे बघितलं, मॅडमकडे नव्हे. ती खुर्चीत होती, हात मांडीवर. मॅडम उभ्या होत्या. ते चित्र त्यांनी कसं वाचलं ते त्यांच्या चेहऱ्यावर लगेच उमटलं, आणि तिला ते वाचता आलं, आणि तिला बोलायचं होतं, पण तिच्या आधी मॅडम बोलल्या.

"कॅमेरा तू उघडलास?"

"हो, मॅडम. शनिवारी किल्ली घेऊन आलेलो... नाही, काल. काल दुपारी. धूळ होती. म्हटलं, किती दिवस अशीच ठेवायची."

"रविवारी? धूळ पुसायला?"

"जवळच राहतो ना. वेळ होता." त्यांनी स्वेटरचा काठ खाली ओढला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अवघडलेला होता. "माझीच चूक, मॅडम. विचारायला हवं होतं. वॉरंटीचं काय असेल ते माझ्या पगारातून घ्या. अमृताला यातलं काही माहीत नाही. तिचा काही संबंध नाही." आणि मग, मॅडम काहीच बोलेनात म्हणून, त्यांना ती शांतता भरून काढावीशी वाटली: "तरुण पोरं आहेत, मॅडम. हौस असते. एखाद्या वेळी हातून... म्हणजे मी असं म्हणत नाही की... पण झालंच असेल तर एका फोटोवरून कुणाच्या नोकरीवर नको."

मॅडमनी हळूच अमृताकडे मान वळवली. त्या अमृताला वेळ देत होत्या, आणि त्या वेळात तिला दोन्ही रस्ते स्वच्छ दिसत होते. गप्प राहिलं तर मॅडमही गप्प राहिल्या असत्या. सरांना फाइलचं कळलं असतं, सगळे हसले असते, चहा नवा मागवला असता, आणि ती उद्यापासून त्यांच्या शेजारी बसली असती. त्यांना कधीच कळलं नसतं. फक्त तिला माहीत असतं, आणि मॅडमना.

"सर," ती म्हणाली. "मी तो फोटो बाहेर दिला नाही. गिऱ्हाइकानं टाकलाय, मॅडमनी त्यांना फाइल दिलेली."

"अरे!" ते म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "असं होय! आणि मी काल..." ते हसायलाच लागले. "व्हॉट्सॲपवर मेव्हण्यानं पाठवला तो फोटो. बघितला आणि म्हटलं, ही आपली तीट! जेवण टाकून आलो इथे. म्हटलं, पोरीनं काय करून ठेवलं हे!"

"सर. मी आत्ता मॅडमना सांगितलं की तो तुम्ही दिलात."

हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, त्याच्यामागचा माणूस उठून गेल्यावरही. त्यांनी मॅडमकडे पाहिलं; मॅडम टेबलावरचे कागद सरळ करत होत्या. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती ओरडण्याची वाट बघत होती. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

तिला वाटलं हे टोमण्यानं विचारतायत. पण तसं नव्हतं. नवा नमुना टेबलावर आला की ते असंच विचारायचे, डोकं किंचित कलतं करून. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि तिला ते सगळं पहिल्यापासून, त्याच क्रमानं, त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. ग्रुपात टाकलं तर काय होईल असं तुम्ही विचारलंत. हं, ते म्हणाले, विचारलं होतं. शुक्रवारी थांबलात. हं. तीट पुसलेली. ओरखडा. हं. मग चहा आणलात, आणि म्हणालात गप्प राहा. दर वेळी ते मान हलवत होते, ऐकत होते, एकही मुद्दा त्यांनी खोडला नाही, आणि प्रत्येक मुद्द्याबरोबर तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटचं वाक्य, निष्कर्षाचं, तिच्याच्यानं पुन्हा म्हणवेना.

"बरोबर जुळवलंयस," संदेश सर म्हणाले. "मीही तुझं असंच जुळवलेलं. जवळजवळ हेच मुद्दे." ते दरवाजापाशी गेले, कडीवर हात ठेवून थांबले, आठवून बघितल्यासारखं. "मग मी पेचकस घेतला," ते म्हणाले, आणि दार अलगद लावून घेऊन बाहेर गेले.